जॅक, गुलाम आणि सोम्यागोम्या

बदाम सात खेळताना भाचीने विचारलं, ‘मामा, राजावर के, राणीवर क्यू, मग गुलामावर जे कशाला?’ उत्तर सांगताना मी स्वतःच त्यात रमलो, म्हणून इथे लिहितो.

जे म्हणजे जॅक. जॅक हे मुळात जॉनचं घरगुती नाव. मध्ययुगीन इंग्लंडात जॉनच्या जुन्या रूपाला ‘किन’ हा लडिवाळ प्रत्यय लागून जॅनकिन झालं, त्याचं जॅकिन, आणि शेपूट गळून जॅक. आपण गणपतचा गण्या करतो तसंच. फ्रेंच ‘झाक’शी उच्चार जुळतो म्हणून काही जण तेच मूळ धरतात; पण झाक म्हणजे इंग्रजीतला जेम्स. जॉन एफ. केनेडी मात्र घरच्यांना जॅकच.

गावोगाव इतके जॉन, की जॅक म्हणजे कुणीही साधा पोरगा, हरकाम्या असा अर्थ रुजला. खलाशी तो जॅक टार. ‘एव्हरी मॅन जॅक’ म्हणजे सोम्यागोम्यासकट झाडून सगळे. पुढची पायरी मला फार आवडते. पोऱ्याचं काम अवजार करू लागलं की त्यालाही तेच नाव मिळालं: पायातला बूट ओढून काढायचं फळकूट ते बूटजॅक, विस्तवावर मांसाची सळई फिरवणारं यंत्रही जॅक. पंक्चर झाल्यावर आपण गाडीला लावतो तो जॅक याच घराण्यातला.

पत्त्यातल्या गुलामाचं जुनं इंग्रजी नाव नेव्ह. त्याला जॅक म्हणणं गावंढळ समजत. डिकन्सच्या १८६०-६१ च्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ कादंबरीत मोठ्या घरातली एस्टेला गरीब घरच्या पिपला त्यावरूनच हिणवते. पुढे पानांच्या कोपऱ्यात अक्षरं छापू लागले. नेव्हचं स्पेलिंग के-एनने सुरू होतं, ते राजाच्या के-शी गल्लत करायचं. म्हणून जे आला.

नेव्हचा मूळ अर्थ पोरगा, मग चाकर. आणि आपला ‘गुलाम’? अरबीत त्याचाही पहिला अर्थ पोरगाच!

जॅकफ्रूटला मात्र या कुळात घेऊ नका. मल्याळममधला ‘चक्का’ पोर्तुगीजांनी ‘जाका’ केला, त्यावरून ते आलं. गोव्यात १५६३ साली छापलेल्या पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथात फणस ‘जाका’ याच नावाने भेटतो.