"उभा दावा" म्हणजे कोर्टातला दावा का?

कृष्णाकाठ
आजोबांच्या ट्रंकेतली पत्रं वाचतेय. 1957 सालच्या एका पत्रात पणजोबांनी लिहिलंय, "धाकट्या घराचा नि आपला उभा दावा आहे. मोटेची पाळी चुकवू नये, कोणाच्या तोंडी लागू नये." विहिरीवरून कोर्टात केस होती का? घरात कुणालाच ठाऊक नाही. असेल तर कागद कुठे मिळतील?

रानवारा
केस असणारच. दावा लिहिलंय म्हणजे दिवाणी कोर्ट. तालुक्याला जाऊन चौकशी करा.

निवृत्त शिरस्तेदार
ताई, एवढ्यावरून कोर्टाच्या पायऱ्या चढू नका. माझी सगळी नोकरी दिवाणी कोर्टात झाली, आणि हा शब्द किती ठिकाणी फसवतो ते पाहिलंय.

उभा दावा म्हणजे हाडवैर. साप-मुंगसाचा असतो तो. दावा शब्द मूळ अरबी, हक्क सांगणे असा त्याचा अर्थ. आपल्याकडे त्यातूनच फिर्याद झाली आणि वैरही झालं. जुन्या मराठी कागदांत "दावेदार" चक्क शत्रू असतो; आज आपण विजेतेपदाचा दावेदार म्हणतो. विम्याचा दावा तर तिसराच, त्यात भांडण असेलच असं नाही.

ओळखायचं कसं? क्रियापद बघा. दावा लावला, दाखल केला, चालला, निकाली निघाला, मागे घेतला, हे कोर्टातलं. दावा धरला, मांडला, साधला, हे वैर. कोर्टातला असेल तर मागे बहुधा विशेषण लागतं: वाटपाचा, मनाईचा, वसुलीचा. शिवाय जुनी माणसं कोर्टाचं लिहिताना तारीख, वकील, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), हुकूमनामा (निकालावरून निघालेला कोर्टाचा हुकूम) यांतलं काहीतरी लिहितातच. पाण्याच्या भांडणात तर मनाईचा अर्ज ठरलेला. आमच्याकडे त्याला सगळे "निशाणी 5" म्हणतात, दाव्याचा नंबर विसरतील पण निशाणी 5 विसरत नाहीत.

तुमच्या पत्रात यातलं काही नाही. "तोंडी लागू नये" हे वाक्यच सांगतंय की भांडण बांधावर होतं.

गावकुसाबाहेर
शिरस्तेदारसाहेब, दाव्याला बांधलेली गाय पण यातलीच का?

निवृत्त शिरस्तेदार
नाही, ते दावं, म्हणजे जनावराचं दोर. "दाव्याला" हे रूप दोन्हींचं सारखंच होतं, म्हणून गोंधळ. नातं काही नाही.

कृष्णाकाठ
खूप आभार काका. पुढच्या वर्षीचं एक पत्र सापडलं, "दाव्यात कैफियत दिली, विहिरीच्या हिश्श्याचा मुद्दा घेतला आहे."

निवृत्त शिरस्तेदार
मग वर्षभरात वैराचं प्रकरण कोर्टात गेलं. कैफियत देतो प्रतिवादी, म्हणजे दावा धाकट्या घराने लावला. आता जरूर जा. आधी गट नंबर घेऊन जुना सातबारा काढा, इतर हक्कांत विहिरीचा हिस्सा लिहिलेला असतो. मग दोन्ही घरांची पूर्ण नावं आणि 1957-58 ही सालं घेऊन कोर्टात दाव्यांच्या रजिस्टरचा शोध मागा. नंबर मिळाला की नकलेचा अर्ज करा. सगळे कागद कोर्ट कायम ठेवत नाही, पण निकालपत्र आणि हुकूमनामा बाकीच्यांपेक्षा जास्त काळ जपतात, आधी तेच मागा.