पाझिरिकचा गालिचा अडीच हजार वर्षे टिकला कसा?

प्रश्न (सोलापूर):
माझे वडील अनेक वर्षे जेकार्ड मागावर चादरी विणत होते. सायबेरियातील अल्ताई पर्वतातील पाझिरिक येथे, शकांशी नाते असलेल्या भटक्या लोकांच्या पाचव्या थडग्यात, १९४९ साली पुरातत्त्वज्ञ सर्गेई रुदेन्को यांना सापडलेल्या गालिच्याचे छायाचित्र मी त्यांना दाखवले, तेव्हा त्यावरील नक्षीतल्या घोड्याच्या शेपटीला मारलेली गाठ त्यांनी बोट ठेवून दाखवली. लोकर इतका काळ टिकली कशी? वीण आपल्या चादरीसारखीच आहे का?

उत्तर १:
दादा, थडग्यावर रचलेल्या दगडांच्या ढिगाखाली जमीन गारच राहिली, आत झिरपलेले पाणी गोठले आणि ते पुन्हा वितळले नाही. चोरांनी थडगे पूर्वीच फोडले होते, तरी लोकर, नमदा (लोकर दाबून केलेले जाड कापड), चामडे आणि लाकूड मागे राहिले. माझ्या मते सोन्यापेक्षा हेच मोलाचे आहे.

उत्तर २:
वीण मात्र अगदी वेगळी आहे. चादरीत भोकांच्या पुठ्ठ्यांप्रमाणे ताण्याचे, म्हणजे उभे, धागे उचलले जाऊन नक्षी उमटते, तर गालिच्यात लोकरीची प्रत्येक गाठ ताण्याच्या दोन धाग्यांभोवती हाताने मारलेली आहे आणि अशा सुमारे ३६ गाठी एका चौरस सेंटीमीटरमध्ये, म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या जागेत, बसवलेल्या आहेत. तो गालिचा भटक्यांनीच विणला की इराणकडून आला, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. त्याच थडग्यातले नमद्याचे हंसही अवश्य पाहा. ते मागाशिवाय, लोकर ओली करून व दाबून केलेल्या नमद्याचे आहेत.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. छत्तीस गाठी ऐकून वडिलांनी भिंग मागवले आहे.