एक्सेलची सवय असताना दुसरं ऑफिस सॉफ्टवेअर घेतलंत का? अनुभव सांगा

आमच्या पतसंस्थेत पुढच्या महिन्यापासून मायक्रोसॉफ्ट ऑफिसऐवजी फुकटचं लिब्रेऑफिस येतंय, लायसनचा खर्च झेपत नाही म्हणून. माझी १२ वर्षं एक्सेलवर गेली, हात आपोआप चालतात, आता खरंच धास्ती वाटतेय. ज्यांनी बदललंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

~

आमच्या सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशोब मी ४ वर्षं कॅल्कमध्येच (लिब्रेऑफिसमधलं एक्सेलसारखं) ठेवतेय. बेरजा, सम-इफ, पिव्हट सगळं ओळखीचंच आहे गं. मी अडले एका टिंबावर! दुसऱ्या शीटमधला आकडा घेताना एक्सेलमध्ये शीटच्या नावापुढे उद्गारचिन्ह लागतं, इथे टिंब लागतं, आणि मी आपली उद्गारचिन्ह देऊन देऊन रडकुंडीला आले होते, मग कळलं की ऑप्शन्समध्ये कॅल्कच्या फॉर्म्युला सिंटॅक्सला एक्सेल निवडता येतं. ते पहिल्याच दिवशी करून टाक.

~

फाइलमध्ये मॅक्रो (काम आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम) आहेत का ते आधी बघा. आमचा पगारपत्रकाचा जुना मॅक्रो तिकडे चालेना, तेवढ्यासाठी एक मशीन जुनंच ठेवलं.

~

मी घरी मायक्रोसॉफ्ट ३६५ वर एक्सलुकअप (यादीतून आकडा शोधून आणणारं नवं फंक्शन) लावून स्टॉकची फाइल केली, ऑफिसात एक्सेल २०१६, त्यात ते फंक्शनच नाही. उघडल्यावर आकडे नीट दिसत होते म्हणून मी निर्धास्त, पण एक रेट बदलला आणि रांगच्या रांग नेम एरर! त्या रात्री बसून त्याच कामाची जुनी जोडी, इंडेक्स-मॅच, पक्की केली. ती जुन्या एक्सेलात, कॅल्कमध्ये, गूगल शीट्सवर सगळीकडे तशीच चालते, त्यामुळे नोकरी बदलली तेव्हा काही अडलं नाही.

~

मी शाळेत आहे. आमच्या प्रश्नपत्रिका जुन्या नॉन-युनिकोड फाँटमध्ये होत्या, दुसऱ्या मशीनवर उघडल्या की नुसती अगम्य चिन्हं. सुट्टीत बसून सगळ्या युनिकोडमध्ये घेतल्या, इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकले, आता वर्ड असो की लिब्रेऑफिसचा रायटर, मराठी मराठीच दिसतं.

~

मी रिटायर्ड आहे, लोटस १-२-३ या एक्सेलआधीच्या स्प्रेडशीटपासून सुरुवात. त्यात तिरकी रेघ दाबली की मेनू यायचा, एक्सेलवर आलो तरी बोट तिकडेच जायचं आणि बघतो तर तिथेही त्या रेघेने मेनू चालू होतो, केवढा धीर आला होता तेव्हा! एक महिना दोन्हीकडे हिशोब ठेवा आणि महिनाअखेरीला बेरजा ताडून बघा.

~

सगळ्यांचे मनापासून आभार. व्याजाच्या शीटला दोन मॅक्रो आहेत, उद्या तीच फाइल आधी कॅल्कमध्ये उघडून बघते.