शेजारच्या होम थिएटरमुळे दिवसा झोप होत नाही. दहा हजारांत काय करता येईल?

रात्रपाळी_सांगली

मी मिरजेतील एका रुग्णालयात परिचारिका असून गेली सहा वर्षे बहुतेक रात्रपाळीच करते. सकाळी साडेआठला विश्रामबागेतील घरी पोहोचते. नऊ ते तीन ही माझी झोपेची वेळ. आमचे रो-हाउस आहे आणि शेजाऱ्यांची व आमची मधली भिंत सामाईक आहे. दिवाळीत शेजारच्या मुलाने होम थिएटर घेतले आणि त्याचा वूफर, म्हणजे खालचे घुमणारे सूर देणारा स्पीकर, नेमका त्या भिंतीत ठोकलेल्या फळीवर ठेवला. तेव्हापासून त्याचे निवृत्त वडील सकाळी बातम्या, मग मालिका आणि दुपारी कुस्त्यांची चित्रफीत अशा क्रमाने पूर्ण आवाजात लावतात. शब्द कळत नाहीत, पण प्रत्येक ठोक्याला आमच्या मांडणीतील ताटे किणकिणतात. ताटांच्या मध्ये वर्तमानपत्राच्या घड्या घालून पाहिल्या, तर आता पेले वाजू लागले आहेत.

दोनदा विनंती केली. काकांचे उत्तर एकच, “दिवसाढवळ्या माणसाने टीव्हीसुद्धा पाहू नये काय?” भांडण करायचे नाही, कारण मी कामावर असताना रात्री सासूबाईंना काही लागले तर शेजारच्या काकूच धावून येतात. खर्चाची मर्यादा दहा हजार रुपये आहे. गच्चीवर मागच्या अंगाला पत्र्याची एक खोली रिकामी आहे, तिचाही विचार मनात आहे. कृपया अनुभव सांगावेत.

कृष्णाकाठ

ताई, इतका विचार कशाला करता? ध्वनिप्रदूषण नियम 2000 पासून लागू आहेत आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत कोणालाही असा त्रास देता येत नाही. सरळ 112 वर फोन करावा. आमच्या गल्लीत वाढदिवसाच्या निमित्ताने रात्री बारापर्यंत स्पीकर चालू होता. मी फोन केला आणि पोलिसांची गाडी येताच सगळे सुतासारखे सरळ झाले.

रात्रपाळी_सांगली

आभारी आहे, परंतु माझी अडचण सकाळी नऊनंतरची आहे.

पायाभरणी

मी बांधकाम व्यवसायात पंचवीस वर्षे आहे. रो-हाउसमधील मधली भिंत बहुधा चार इंचीच असते, कारण तेवढीच जागा वाचते. गावभागातील जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींशी तिची तुलनाच नको. त्यातही माणसाच्या बोलण्याचा आवाज भिंत बऱ्यापैकी अडवते, पण वूफरचा घुमणारा खालचा सूर तिला जुमानत नाही. भिंतीचे वजन दुप्पट केले तरी आवाज साधारण सहा डेसिबलनेच उतरतो. म्हणून एकच उपाय सुचवतो : तुमच्या बाजूने मूळ भिंतीला न चिकटवता स्वतंत्र सांगाडा उभा करावा, पोकळीत रॉकवूल (दगडापासून केलेले लोकरीसारखे तंतू) भरावे, वर जिप्सम बोर्डाचे दोन थर द्यावेत आणि कडेच्या सर्व फटी सीलंटने बंद कराव्यात. मी माझ्या घरी केले, सव्वा लाख रुपये खर्च आला आणि आता शेजारी कोण राहते हेही आठवत नाही.

खणभागकर

सव्वा लाख! प्रश्नात दहा हजार लिहिले आहे हो. मी तर फुकटात केले होते. ओळखीच्या अंडीवाल्याकडून दीडशे ट्रे आणले आणि दोन रविवार खर्च करून भिंतभर चिकटवले. आवाज तसूभरही कमी झाला नाही. आमच्याच खोलीतला प्रतिध्वनी तेवढा गेला, त्यामुळे शेजाऱ्यांचे भांडण पूर्वीपेक्षा स्वच्छ ऐकू येऊ लागले. पावसाळ्यात ट्रेंच्या मागे झुरळे झाली. ते काढताना निघालेला रंग अजून दिलेला नाही.

पायाभरणी

हेच मी ग्राहकांना सांगून थकलो. अंड्याचे ट्रे असोत की काळा खाचाखाचांचा फोम, ते आतला घुमारा शोषतात, पलीकडचा आवाज अडवत नाहीत.

नियमानुसार

कृष्णाकाठ यांनी अर्धीच माहिती दिली. निवासी क्षेत्रासाठी दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आणि रात्रीची 45 डेसिबल अशी आहे. म्हणजे दिवसा मोकळीक आहे, हा समज चुकीचा आहे. शिवाय खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर क्षेत्राच्या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून अधिक असता कामा नये. मोबाइलवरील ॲपने रोज एकाच जागी, एकाच वेळी नोंद घेऊन आठ दिवसांची वही तयार करावी. ॲपचा आकडा पुरावा म्हणून फारसा टिकणार नाही, कारण मोबाइलच्या माइकला वूफरचा खालचा सूर नीट पकडता येत नाही, परंतु तक्रार लिहिताना तारीखवार नोंद हाताशी असलेली बरी.

कृष्णाकाठ

मी अर्धी माहिती दिलेली नाही. रात्रीचा नियमच लोकांना लागतो, म्हणून तेवढा सांगितला.

नियमानुसार

प्रश्नकर्तीला दिवसाचा लागतो.

तंबोऱ्याची_खुंटी

मी मिरजेत सतारमेकर गल्लीजवळ वाढलो, त्यामुळे आवाजाविषयी चार गोष्टी न शिकता कळल्या. तार नुसती दोन खिळ्यांमध्ये ताणून छेडली तर हाताच्या अंतरावर जेमतेम ऐकू येते. तीच तार भोपळ्यावर चढली की खोली भरून जाते. तुमच्या शेजाऱ्यांचा वूफर भिंतीत ठोकलेल्या फळीवर आहे, म्हणजे त्यांनी तुमच्या सामाईक भिंतीचा भोपळा केला आहे. हवेतून येणारा आवाज वेगळा आणि भिंतीच्या अंगातून येणारा वेगळा. ताटे वाजतात ती या दुसऱ्यामुळे.

म्हणून काकांना “आवाज कमी करा” असे सांगूच नये, कारण ते त्यांना मानहानीचे वाटते. “वूफर फळीवरून उतरवून जमिनीवर, भिंतीपासून दोन हात दूर ठेवू या, खाली जाड रबराचा तुकडा मी देते,” असे म्हणावे. चारशे रुपयांत काम होईल. आणि आपली मांडणी व पलंग त्या भिंतीपासून आजच सोडवून घ्यावा. पलंगाची डोक्याकडची फळी भिंतीला टेकलेली असेल तर ठोका थेट उशीत येतो.

शाहूपुरी_सातारा

मला वाटते, सगळेजण साधी गोष्ट विसरत आहेत. फोमचे इअरप्लग औषधाच्या दुकानातही मिळतात. लोक ते नुसते कानात कोंबतात आणि उपयोग नाही म्हणून टाकून देतात. बोटांनी वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढावा, प्लग आत सरकवावा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट लावून धरावे. आमचे घर रस्त्यालगत आहे, मी दोन वर्षे असाच झोपतो. एकदा मात्र गॅस सिलिंडरवाला दार वाजवून परत गेला आणि सौभाग्यवतींनी तो विषय अजून संपवलेला नाही.

रात्रपाळी_सांगली

इअरप्लग वापरून पाहिले. बोलणे बंद होते, ठोका छातीत जाणवतच राहतो. शिवाय सासूबाईंची हाक ऐकू यायला हवी.

पलंग काल हलवला. फरक निश्चित आहे, ताटेही गप्प आहेत. वूफरचे मात्र असे झाले की, शनिवारी मुलगा पुण्याहून आला, त्याने लगेच मान्य करून तो रबरावर खाली ठेवला आणि रविवारी मी चक्क सलग पाच तास झोपले. सोमवारी फरशी पुसताना पाणी लागते म्हणून काकांनी तो पुन्हा फळीवर चढवला.

दुहेरी_काच

यूपीव्हीसीच्या (कडक प्लॅस्टिकच्या चौकटीच्या) खिडक्या आणि दुहेरी काच लावा, प्रश्न मिटेल. आम्ही गेल्या वर्षी बेचाळीस हजारांत तीन खिडक्या केल्या. पाहुणे येतात ते आधी खिडकी उघडून-मिटून पाहतात.

पायाभरणी

आवाज भिंतीतून येत आहे, खिडकीतून नव्हे. वरचे प्रतिसाद वाचावेत.

दुहेरी_काच

वाचले. तरीही खिडकी चांगलीच असते.

खणभागकर

पत्र्याच्या खोलीविषयी कोणीच बोलले नाही, म्हणून सांगतो. अजिबात जाऊ नका. एप्रिलमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो; पत्र्याखाली भाजून निघाल.

पायाभरणी

सहमत. त्यापेक्षा थोडे पैसे साठवून भिंतीचे काम करावे.

शाहूपुरी_सातारा

सहमत. पत्र्याखाली झोपून आजारी पडाल.

रात्रपाळी_सांगली

सर्वांचे मनापासून आभार. सर्वांच्या सल्ल्याविरुद्ध जाऊन मी पत्र्याची खोलीच घेतली आहे. ती सामाईक भिंतीला लागून नाही, हा एकच मुद्दा मला पुरेसा वाटला. पत्र्यावर चुन्याचा पांढरा जाड थर दिला, खिडकीत कूलर बसवला आणि सासूबाईंच्या उशाशी बिनतारी घंटीचे बटण ठेवले, ज्याची घंटी माझ्या पलंगापाशी वाजते. कूलर आठ हजार दोनशेला पडला, घंटी व चुना धरून सगळे नऊ हजार सहाशेत बसले. कूलरची अखंड घरघर हा माझ्या दृष्टीने दोष नसून गुणच आहे, कारण तिच्यात काकांचे कुस्तीचे मैदान बुडून जाते. एक वाजल्यानंतर उकाडा जाणवतो हे खरे. काल एकला जाग आली, ओला पंचा मानेवर घेतला आणि पुन्हा पावणेतीनपर्यंत झोपले. घंटी दोनदा वाजली. दोन्ही वेळा सासूबाईंना ती चालते का, एवढेच पाहायचे होते.

तंबोऱ्याची_खुंटी

कूलर लोखंडी चौकटीत घट्ट आवळला असेल तर चार कोपऱ्यांत सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालावेत, नाहीतर काही दिवसांनी पत्रा थरथरू लागेल. आणि जूनमध्ये हवा दमट झाली की कूलर थंडावा देणार नाही, पाणी बंद करून नुसता पंखा चालवावा.

कृष्णाकाठ

जूनमध्ये पत्र्यावर पाऊस ताशासारखा वाजेल, तेव्हा हाच धागा पुन्हा वर येईल. तेव्हाही मी 112 च सांगणार.

रात्रपाळी_सांगली

पावसाची तक्रार 112 वर घेतात का, ते तेव्हा विचारीन. ट्यूबचे तुकडे मिळाले आहेत, संध्याकाळी बसवते. आता नऊ वाजले. खाली बातम्या सुरू झाल्या आहेत आणि मी वर चालले आहे.