ख्मेर घरच्या दुःखात जाताना

ख्मेर, म्हणजे कंबोडियातल्या, सहकाऱ्याच्या आईच्या अंत्यविधीला पूर्ण काळे कपडे चालतील का, असा प्रश्न एकाने विचारला आहे. नाही. कंबोडियात सुतकाचा रंग पांढरा. पांढरा साधा शर्ट आणि काळी पँट किंवा लांब स्कर्ट घाला. लाल, भडक काही नको.

रस्त्यातच मांडव दिसला की आधी रंग पाहा. लग्नाचा मांडव गुलाबी-सोनेरी, मर्तिकाचा काळा-पांढरा. दारावर मगरीच्या आकाराची पांढरी पताका असेल, तर घरात मृत्यू झालाय. भोंगे दोन्हीकडे पहाटेपासून वाजतात, त्यामुळे आवाजावरून ओळखायला जाऊ नका.

आत शिरताना चपला काढा. उदबत्ती लावून नमस्कार करा, पाय मूर्तीकडे किंवा भिक्खूंकडे न करता एका बाजूला दुमडून बसा. भिक्खूंना नमस्कार करताना जोडलेले हात भुवयांपर्यंत न्या. स्त्रियांनी त्यांना स्पर्श करू नये, वस्तूही थेट हातात देऊ नये. पैसे पाकिटात घालून, वर नाव लिहून द्या. डॉलर देणार असाल तर नोट कोरी हवी. जराशी फाटलेली नोट तिथे कोणी घेत नाही, आणि यजमानांची पंचाईत होते. पेज समोर आली तर थोडी तरी खा.

सातव्या आणि शंभराव्या दिवशी पुन्हा विधी असतात. शंभरावा दिवस परके लोक हमखास विसरतात, तेव्हा आवर्जून जा.

आपल्याला सर्वांत जवळचा वाटेल तो पितरांचा सण, प्चुम बेन: भाद्रपदाचा वद्य पक्ष, म्हणजे आपलाच पितृपंधरवडा. पहाटे अंधारात विहाराभोवती भाताचे गोळे टाकतात. ‘बेन’ म्हणजे पिंडच!