अडलेलं अक्षर कोणी सांगितलं?

भुईमूग:
काल आईची पत्र्याची ट्रंक रिकामी केली. तळाला अंथरलेला पेपर निघाला, १९९६ सालची रविवारची पुरवणी. तारखेचा कोपरा कसरीने खाल्लाय, पण शब्दकोडं शाबूत. निम्मं बाबांच्या पेन्सिलीतलं, निम्मं माझ्या शाळकरी अक्षरातलं, चार-पाच चौकटी रिकाम्या.

नजर गेली ती थेट आडव्या ७ वर. "मोटेचा जाड दोर", दोन अक्षरं. तेव्हा आम्ही कराडला. मी सहावीत. मोट बाबांनीही लहानपणी लांबून पाहिलेली, आम्ही तर चित्रातच. दुसरं अक्षर 'डा' आलेलं. बाबा शब्दकोश काढायला उठले (कोश बघणं आमच्याकडे कॉपी धरायचे, पण अकरा वाजले की सूट). तेवढ्यात आजी लसूण सोलता सोलता म्हणाली, "नाडा की रं. त्यात काय हुडकायचं?"

मी आणि धाकटा भाऊ जे हसत सुटलो! आम्हाला नाडा म्हणजे एकच, चड्डीचा. आजी भडकली. मग तिने लसणाच्या पाकळ्या मांडून आख्खी मोट चालवून दाखवली. बैल उतरतात तो उतार म्हणजे धाव. मोटेच्या तोंडाचा जाड दोर तो नाडा, खालच्या सोंडेचा बारीक तो सोल. बैल धावेवरून खाली गेले की मोट वर येणार, मागं सरले की विहिरीत. मोट हाकणारा उतरताना नाड्यावर बसायचा, आणि लहानपणी आपणही बसलोय म्हणाली, वडिलांचं लक्ष नसताना.

आजीला सहीपुरतं लिहिता यायचं. त्या रविवारपासून बाबा कोडं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून मोठ्याने वाचायला लागले.

तर तुमचं अडलेलं कोणी सोडवलं ते सांगा. आणि एक मदत पण हवीय. आडवा १४: "हत्ती", तीन अक्षरं, शेवटचं ण. हा ण उभ्या 'किरण'मधून आलाय, त्यामुळे पक्का. पण पहिल्या दोन चौकटींत धाकट्याने बॉलपेनने लिहून 'रावण' करून ठेवलाय. वय वर्षं ७, नुकतंच लिहायला शिकलेलं. तो कोपरा तेव्हापासून अडलाय.

कडीपत्ता:
दहा सोंडांचा हत्ती!!

मीठमोहरी:
आमच्याकडे रविवारी सकाळी नवरा दोन तास कोडं घेऊन "चिंतन" करतो. भाजी मी आणते, गॅसवाल्याला दार मी उघडते. मग हाक येते, "अगं, स्वयंपाकातलं भांडं, चार अक्षरी?" म्हटलं ये आत आणि बघ. आला नाही. पातेलं, कढई, परात, उलथनं सगळं सांगून झालं. उत्तर निघालं 'रोवळी', तेही तीन अक्षरी. यांनी चौकटीच चुकीच्या मोजलेल्या.

कडीपत्ता:
रोवळी म्हणजे तांदूळ धुवायची ना? आमच्याकडे आता पासोडीसारखी माळ्यावर आहे.

मीठमोहरी:
हो तीच, वेळूची. माळ्यावर असेल तर काढ, प्लास्टिकच्या चाळणीपेक्षा शंभर पटीने बरी. पाणी झरझर निथळतं.

नऊसोळाची_लोकल:
शनिवारी हाफ डे असायचा तेव्हाची गोष्ट. डोंबिवलीहून चौघे, पेपर एक. खिडकीतला वाचणार, मधला लिहिणार, बाकीचे दोघे वाद घालणार. नियम एवढाच की ठाण्याच्या आत पेन काढायचं नाही, पेन्सिलच. एकदा "बेडूक", तीन अक्षरं, सुरुवात द. मंडूक नाही, भेक नाही. घाटकोपर गेलं तरी नाही. डोक्यावर कडी धरून उभा असलेला एक जण, आयुष्यात कधी न पाहिलेला, कुर्ल्याला उतरता उतरता म्हणाला, "दर्दुर. र्दु एकाच घरात लिहा." आणि गर्दीत गेला. पुढे कित्येक महिने आम्ही त्या दाराकडे बघायचो. अवघड शब्द आला की आमच्यातला एक म्हणायचा, "दर्दुर असता तर!"

भुईमूग:
हे भारी आहे :)

खडूडस्टर:
मंडळी, पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, तरी घरात कोड्यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी वर्गातही नाहीत. उदाहरण देतो. आडवा "सूर्य", दोन अक्षरं, रवी. त्याच्याच दुसऱ्या चौकटीतून उभा निघतो "आड", म्हणजे विहीर. आता त्या एका चौकटीत वि लिहायचा की वी? नुसता रवी दीर्घ, विहिरीचा वि ऱ्हस्व. साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम आणि १९७२ ची भर धरून अठरा नियम आहेत, त्यात शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, तत्सम शब्द असला तरी. रविवार म्हटलं की मात्र तोच वि ऱ्हस्व, कारण समासातलं पहिलं पद. कोडं रचणारे इथे सरळ काणाडोळा करतात. मी दोन्ही लिहायचो, वि वर तिरकी रेघ मारून वी. बायको म्हणायची, "आता घरातल्या कोड्याला पण मार्क कापा."

अडलेलं अक्षर बहुतेक वेळा तिनेच सांगितलं. आता मी एकटा सोडवतो. हत्तीचं बघतो.

पेणकर:
सर __/\__

घाटावरची_उमा:
मातंग? कुंजर? गजानन चालेल का? अरे हो, शेवटी ण आहे. विचार मागे.

सूतगिरणी:
सोलापूर, पूर्व भाग. वडील मागावर, घरात सगळं तेलुगू. शाळा मराठी, पण पुस्तकाबाहेरचं मराठी मला आलं ते शेजारच्या मास्तरीणबाईंच्या ओट्यावर, कोड्यातून. त्या रविवारी पेपर आणि पेन्सिल माझ्याकडे द्यायच्या आणि आपण वाती वळत बसायच्या. मला शब्द कमी यायचे म्हणून मी नुसती अक्षरं भरणारी. एकदा "पाणी", दोन अक्षरं. त्यांनी जल सांगितलं, मी लिहिलं, बसेना. तोय, अंबु, पय, काहीच बसेना, कारण पहिली चौकट नी. आमच्यात बोलताना नीळ्ळू म्हणतात, पुस्तकी तेलुगूत नीरु. मी भीत भीत म्हटलं, "नीर असतंय का मराठीत?" बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. नंतर त्यांनी घरोघर सांगितलं, आमच्या पोरीनं सोडवलं म्हणून. "आमच्या" म्हणाल्या.

त्याच वर्षी भ्रतार हा शब्द पण शिकले. वर्गात वापरून मार खाल्ला.

कडीपत्ता:
कुठल्या वाक्यात वापरलास ते सांगच!

सूतगिरणी:
गणिताच्या सरांच्या बायको आल्या होत्या. पुढचं विचारू नका.

म्हापशाचो:
नवऱ्याचा विषय निघालाच आहे तर. "नवरा (कोकणात)" म्हणून घो हवा असतो, एक चौकट. आम्ही गोव्यात घोव म्हणतो, दोन चौकटी. पेपर मुंबईचा आला की आमचा नवरा मावतच नाही. बायको म्हणते त्यात नवीन काय.

जर्सीत_कांदेपोहे:
इथलं चालतं का? न्यूयॉर्क टाइम्सचं. लोकांना वाटतं रविवारचं सर्वांत अवघड. ते फक्त मोठं असतं, २१ बाय २१. खरा घाम शनिवारचं काढतं, १५ बाय १५ मध्ये. सोमवारपासून दिवसागणिक चढत जातं. गंमत म्हणजे याच पेपराने १९२४ मध्ये शब्दकोड्याच्या वेडाची यथेच्छ टिंगल केली होती, आणि १९४२ च्या फेब्रुवारीत, युद्धात देश उतरल्यावर, स्वतःच सुरू केलं.

मी इंजिनिअर, इंग्रजी बरं. तरी पहिली दोन वर्षं शनिवारचं एकदाही पूर्ण नाही. कारण शब्द नव्हे, बेसबॉल. कुठला पिचर कुठल्या टीममध्ये, जुन्या मालिकेतली शेजारीण कोण, हे डोक्यात लहानपणी पडावं लागतं, मागून ओतता येत नाही. आपल्याकडचे साडी, नान, तूप, राग, सतार हे शब्द त्यात सारखे येतात हीच काय ती कमाई. आणि राणी! तिचं स्पेलिंग कधी कधी आर ए एन ई ई असतं. मी ऑफिसात छाती ठोकून आर ए एन आय लिहिलं आणि सहकाऱ्याचं कोडं बिघडवलं. पहिलं शनिवारचं पूर्ण झालं ते मुलीमुळे, वय १०. शेवटचा शब्द बेसबॉलचाच होता. तिने सीरियल खाता खाता सांगितला, मान वर न करता.

पेणकर:
आजीने लसूण सोलता सोलता, लेकीने सीरियल खाता खाता. आपण मात्र समोर ठेवून बसायचं!

कोर्टाची_पायरी:
आमच्या आजोबांना कोड्याने बुडवलं. पैसे लावायची कोडी असत तेव्हा, प्रत्येक प्रवेशिकेला फी. मेख अशी की जवळजवळ प्रत्येक ओळीला दोन शब्द बसायचे आणि दोन्ही तितकेच चपखल. आयोजकाने आधीच पाकिटात बंद केलेल्या उत्तराशी जुळलं तर बक्षीस. म्हणजे बुद्धी कमी, मटका जास्त. आजोबा एकाच कोड्याच्या तीस-चाळीस प्रती पाठवायचे, दर प्रतीत एखादं अक्षर बदलून. आजीची पाटली त्यात गेली असं आत्या सांगते. आजी स्वतः कधी बोलली नाही.

वकिली शिकताना हेच पुस्तकात समोर आलं तेव्हा वर्गात हसू आवरेना. १९५५ चा बक्षीस स्पर्धांचा कायदा: महिन्याला एकूण १,००० रुपयांच्या वर बक्षीस नाही, प्रवेशिका २,००० च्या वर नाहीत. मग १९५७ चे चमारबागवाला खटले. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जुगार हा व्यापारच नव्हे, त्यामुळे व्यापाराच्या मूलभूत हक्काचं पांघरूण त्याला मिळणार नाही. सगळा वाद सुरू झाला तो आडव्या-उभ्या शब्दांवरून. ऑनलाइन गेमच्या खटल्यांत अजून त्याचे दाखले देतात.

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण पाटली राहून राहून आठवते.

खडूडस्टर:
विषयांतर कसलं. लिहीत जा.

चौकटराजा_नव्हे:
मी सोसायटीच्या दिवाळी अंकाला तीन वर्षं कोडं रचलं. सोडवणाऱ्यांना काय, अडलं की चहा पितात. रचणाऱ्याचं मरण असतं ळ आणि ण. या दोघांनी मराठीत शब्द सुरू होत नाही. म्हणजे ती चौकट उभ्या शब्दाच्या डोक्यावर आली की आख्खा कोपरा खोडा. वरच्या ण बद्दल वाचून बरं वाटलं, त्या रचणाऱ्याने 'किरण' खाली आणून तो शेपटाला टाकलाय, शहाणा माणूस. इंग्रजीत एका चौकटीत एक लेटर, आपल्याकडे काना-मात्रा-जोडाक्षरासकट आख्खं अक्षर जुळावं लागतं. का आणि कि चा सांधा बसत नाही तो नाहीच.

दुसऱ्या वर्षी मी आडवा ११ आणि उभा ११ यांच्या सूचनांची अदलाबदल केली. सी विंगमधल्या ८० वर्षांच्या आजींचा फोन, रात्री पावणेअकरा. "अकरा उभ्याला 'इंद्राची पत्नी' दिलंयस आणि घरं सहा आहेत. शची काय चालत जाणार का बाकीच्या घरांत?"

भुईमूग:
हाहाहा. आजीच्या मालिकेत ह्या आजी पण.

कडीपत्ता:
रच्याकने (बाय द वे), पत्र्याच्या ट्रंकेला आतून गंज धरू नये म्हणून काय करता? माझी आईची आहे, कडा सोलल्यात.

मीठमोहरी:
घासून रेडऑक्साइड मार. सुकल्यावर जुनी साडी अंथर, पेपर नको. नाहीतर पुढची पिढी कोडं सोडवत बसेल.

वारणाकाठ:
अरे देवा. आत्ता वाचलं. कोडोलीत जन्म गेला आणि सुचायला एवढा वेळ लागला. वारण!! हत्ती = वारण. वा, र, ण.

खडूडस्टर:
बरोबर. मीही तेच लिहायला आलो होतो, दूधवाला आला म्हणून उठलो.

चौकटराजा_नव्हे:
थांबा थांबा. रावण आणि वारण बघा. त्या पोराने उत्तर जवळजवळ बरोबर लिहिलं होतं, फक्त सोंडेकडून. भुईमूग, पहिल्या चौकटीतून खाली काय उतरतंय?

भुईमूग:
उभा १४: "कावळा", तीन अक्षरं. बाबांनी पेन्सिलीने दोन-तीनदा काहीतरी लिहून खोडलंय, कागद पातळ झालाय तिथे. रा वरून कावळा कसा निघणार! वा घेतला की वायस. बसला.

भावाला फोटो पाठवलाय. आता पुण्यात असतो, दोन पोरांचा बाप.

पेणकर:
काय म्हणाला?

भुईमूग:
"बाबांनी तेव्हाच विचारायचं होतं, मी अक्षरं बदलून दिली असती." आणि म्हणतो, चकल्या कधी पाठवतेस.