मदत हवी आहे: बर्कशायरचे जुने आणि नवे मतदारसंघ कसे जुळवायचे?

नमस्कार मंडळी, इंग्लंडमधल्या, त्यातही रीडिंगच्या आसपासच्या जाणकारांसाठी प्रश्न आहे.

ब्रिटिश संसदेच्या २०२४ च्या निवडणुकीत बर्कशायर काउंटीचे (रीडिंग याच काउंटीत येतं) मतदारसंघ ८ चे ९ झाले. प्रत्येक मतदारसंघात ६९,७२४ ते ७७,०६२ मतदार हवेत या नियमापायी रीडिंग ईस्ट आणि रीडिंग वेस्ट गेले, रीडिंग सेंट्रल आलं. 'अर्ली अँड वुडली' तर कोरा करकरीत. त्यातला काही भाग आधी रीडिंग ईस्टमध्ये, काही वोकिंगहॅममध्ये. विंडसरने तर थेट शेजारच्या सरे काउंटीत पाय पसरलेत!

मला अर्ली अँड वुडलीतल्या २०१९ च्या मतांची २०२४ शी तुलना करायची आहे. आपल्याकडे फॉर्म २० मध्ये (निवडणूक निकालाच्या तक्त्यात) बूथनिहाय आकडे मिळतात, तिथे लोकसभेच्या धर्तीच्या या निवडणुकीचा निकाल फक्त अख्ख्या मतदारसंघाचा जाहीर होतो. २०१९ चा निकाल नव्या सीमांवर कसा लागला असता, याचे रॅलिंग्ज आणि थ्रॅशर या प्राध्यापकांचे अंदाजी आकडे पाहिलेत, पण ते वॉर्डांच्या स्थानिक निवडणुकांवर बेतलेले. लोक कौन्सिलला एकाला आणि खासदारकीला दुसऱ्याला मत देतात, मग किती भरवसा ठेवायचा?

कुणाकडे जुना वॉर्ड–नवा मतदारसंघ असा तक्ता एक्सेलमध्ये आहे का? १९७४ मध्ये अ‍ॅबिंग्डन हे गाव बर्कशायरमधून शेजारच्या ऑक्सफर्डशायरमध्ये गेलं, त्याआधीचा नकाशा मिळाला तर दुधात साखर.